ओकाच्या पिपातली बोराची आंबील

विहीणबाई, उघडलं हो! काल सकाळी न्याहारी आटोपल्यावर तुमच्या मळ्यातल्या खोलीत सुमन, जावईबापू आणि मी असे तिघं उभे राहिलो आणि आपलं पीप उघडलं. तुमची तेरवी होऊन तिसरा दिवस. लोक म्हणतील, काय बाई आहे, विहीण जाऊन महिना झाला नाही आणि हिला पिपाचं पडलंय. म्हणू देत. मी रडले नाही असं नाही. रडले, अजून पुष्कळ रडायचं शिल्लक आहे, ते काही कुठं पळून जात नाही. पण कालपासून माझ्या पोटात जे मावत नाहीये, ते सांगावं असं एकच माणूस होतं, आणि ते तुम्ही. मग सांगू कुणाला?

तुम्हाला वाचता येत नव्हतं. मलाही कुठं येत होतं? सुमन लहानपणी पाटीवर अक्षरं गिरवायची तेव्हा तिच्या मागं बसून शिकले, काना-मात्रा अजून चुकतात. म्हणून मी असं करते आहे, आधी मोठ्यानं बोलते आणि मग तेच लिहिते. सुमन दारातून दोनदा डोकावून गेली. तिला वाटलं, आई कुणाशी बोलते आहे.

आधी पिपाचं. ते आलं तो दिवस आठवतो का? मी नव्हते तेव्हा, पण तुम्ही इतक्यांदा सांगितलं की आता मला मी तिथंच होते असं वाटतं. जावईबापू कापूस घालायला नांदुऱ्याला गेले होते. तिथं एका जिनिंगचं जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यात हे कमरेएवढं पीप, लोखंडी पट्ट्यांचं. येताना गाडीत टाकून आणलं, मळ्यात पाणी भरायला.

“कायचं लाकूड हाये रे?” तुम्ही विचारलं.

“ओकचं हाये, माय.”

“माय वं! ओकचं? कोन ओकलं त्याच्यात?”

“कोनी नाही ओकलं. विलायतेत ओक नावाचं झाड असते.”

“अशा नावाचं झाड देव कायले करन? आन् ह्याच्यातलं पानी माये गडी पेतीन, मंग रांगेनं बसून ओकतीन. ने बाप्पा, वापस ने.”

वापस कोण नेतंय! गावभर झालं ना, की मळ्यात ओकायचं पीप आलंय. कापूस वेचायला येणाऱ्या बायका त्याला वळसा घालून जायच्या. एकीला म्हणे नुसतं नाव ऐकून मळमळलं. शेवटी तुम्हीच पदर खोचून ते चिंचेच्या पाल्यानं आणि कढत पाण्यानं घासलं, चार-चार वेळा. भरलं तर सगळीकडून गळायला लागलं. जावई म्हणाले, फुटकं आहे. तुम्ही म्हणालात, उन्हाळ्यात गाडीचं चाक ढिलं पडतं तर डोहात टाकता ना? तसंच हे. भरत राहा. तिसऱ्या दिवशी लाकूड फुगलं आणि थेंब गळायचा बंद झाला. विलायती झाडाला तुम्ही बैलगाडीच्या चाकाची शिस्त लावलीत.

आणि त्याच वर्षी दिवाळीत तो पाऊस झाला. उभी जवारी कणसातच मोडावर आली. मोड आलेल्या जवारीची भाकर होत नाही, थापायला गेलं की तुटते, तव्याला चिकटते, आत गिच्च राहते. गावात कुणी ती गुरांना घातली, कुणी हळहळत बसलं. तुम्ही ती वाळवली, मोड चोळून काढले, भरडली आणि आंबील केली. चाखून बघता तर काय, गुळाचा खडा न घालता गोड! मग काय, कढईच्या कढई. ठेवायला भांडं पुरेना म्हणून ओकाच्या पिपात ओतली. बांधावरच्या बोरी लदलेल्या होत्या, टोपलंभर बोरं त्यात टाकली. का टाकली? तुम्हाला विचारलं तर म्हणायचात, “हाताशी होती म्हनून.” मग वेचणीच्या बायका दुसऱ्या मळ्यात गेल्या, प्यायला कुणी उरलं नाही, आणि तुम्ही झाकण ठोकून ते पीप विसरून गेलात.

पुढं माघात मी सुमनला आणि नातवाला पोचवायला उंद्रीला आले. ते मी विसरणार नाही. आमच्याकडं रीत, लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. लग्नाला चार वर्षं झाली होती, चार वर्षांत मी पाच-सहा वेळा येऊन कोरड्या घशानं परत देऊळगाव राजाची बस धरली होती. तुम्हाला त्याचा राग होता. आता नातू मांडीवर होता, रीत फिटली होती. मी मळ्यात येऊन टेकते तोच तुम्ही म्हणालात, “चार साल झाले, माया घरचं पानी नाही पेल्या. आता पानी नाहीच देत तुमाले. आंबील देतो.”

आणि ते झाकण उघडलंत.

फुस्स! मी उठून उभीच राहिले. मला वाटलं आत जनावर आहे. तुम्ही वाकून पाहिलं, वास घेतला, पुन्हा घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं, जसं काही पिपात सोन्याची नाणी सापडली. तांब्या बुडवून काढला तर वर पांढरा फेस, धार काढल्यावर चरवीत येतो तसा. लेकीच्या सासरी मी पहिल्यांदा तोंडाला लावलं ते पाणी नव्हतंच, विहीणबाई! जिभेवर बारीक बारीक टोचत होतं, आंबट होतं, बोरासारखं होतं, आणि गिळल्यावर छातीत ऊब. दुसरा पेला मी मागून घेतला. तिसरा तुम्ही न विचारता दिला. मग कशावरून कोण जाणे, आपण हसायला लागलो. वरमाय आणि मुलीची आई, पदर तोंडात धरून, कडब्याच्या गंजीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

सुमन नातवाला घेऊन आली आणि दारातच थिजली. “तुम्ही दोघी काय पिऊन बसल्या?”

“आंबील,” तुम्ही म्हणालात.

“आंबिलीला फेस येतो?”

“थंडीनं येते.”

“आत्याबाई, दारूबंदी आहे! कुणी पाहिलं तर?”

“दारूबंदी हाये ना वं? आंबीलबंदी कुठी हाये? दावजो मले कागद.”

राज्य नवं झालं, मुंबईचं महाराष्ट्र झालं, कायदा मात्र तोच राहिला. आणि खरं सांगते, आपल्या दोघींच्या मनात ती शेवटपर्यंत आंबीलच होती. शिळी, शहाणी झालेली आंबील.

भांडण लागलं ते त्याच दिवशी, चौथ्या पेल्याला. मी म्हटलं, ही सगळी त्या लाकडाची करणी. घशाशी सुपारीसारखं आवळतंय, मागून करपलेल्या सायीसारखा गोड वास येतोय, हे बोरात कुठं असतं? तुम्ही भडकलात. “लाकडाले काय चव असते? उद्या म्हनसान, बसाच्या लाकडी पाटल्याची बी चव लागते जेवनाले! बोराचं हाये हे. माया बांधावरच्या बोरीचं.” मी म्हटलं, बोरं आमच्याकडंही आहेत. तुम्ही म्हणालात, “तुमच्याकडची बोरं बी ‘मला-तुला’ म्हनतात, त्याईची चव काय येईन!” माझ्या बोलण्याची तुम्ही आयुष्यभर अशी टिंगल केलीत. मी ‘मला’ म्हणायचे, तुम्ही ‘मले’. चाळीस मैलांवरची माणसं आपण.

त्यातूनच ती पैज निघाली. भांडण घरभर ठाऊक होतं, पैज फक्त आपल्या दोघींना; ती आज पहिल्यांदा कागदावर उतरवते आहे.

विहिणींनी एकमेकींना नावानं हाक मारायची नाही. मी मुलीची आई, मी ‘अगं’ म्हटलं तर आगाऊपणा. तुम्ही मुलाची आई, तुम्ही म्हटलं तर तुमचा मान कमी. तेव्हा ‘अहो विहीणबाई’, ‘अवो इहीनबाई’, जन्मभर. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, “तुमाले नावानं कोन हाक मारते आता?” मी आठवून पाहिलं. माझी आई गेल्यापासून कुणीच नाही. कुणाची आई, कुणाची काकू, कुणाची आजी. यमुना म्हणून या पृथ्वीवर कुणी आहे हे मीच विसरले होते. तुम्ही म्हणालात, “मले बी नाही. गिरजा मेली कव्हाची.” आणि मग पेला खाली ठेवून, “असं करू. पुढच्या साली बरोबर रीतीनं करू, पुरती मुरू देऊ. जे हारन, तिनं आधी नाव घ्याचं. हारल्यावर काय मान आन् काय अपमान!”

कशी युक्ती काढलीत हो! हरलेल्या माणसाला कुणी आगाऊ म्हणत नाही.

पुढच्या माघात मी मुद्दाम आठ दिवस आले. सहा पायल्या जवारी रात्रभर भिजवली, गोणपाटात बांधली, तीन दिवसांत मोड आले. शेजारीण कुंपणावरून विचारत होती, “चांगली जवारी काऊन सडवून राह्यल्या?” तुम्ही म्हणालात, “नातवाले बाळसं येत नाही, सत्त्व करतो.” आणि नातू तिथंच लोडासारखा गुबगुबीत लोळत होता! छतावर वाळवली, मोड चोळले, जात्यावर जाडसर भरडली. अर्धं पीठ शिजवलं, कोमट झाल्यावर उरलेलं कच्चं त्यात कालवलं, आणि डोळ्यांदेखत ती घट्ट पेज पातळ आणि गोड झाली. लुगड्याच्या फडक्यानं गाळली. गेल्या वर्षीचा तळचा गाळ तुम्ही गाडग्यात जपून ठेवला होता, तो विरजण म्हणून घातला. बोरं दोन टोपल्या. इथं परत भांडलो, आठवतं? मी म्हणत होते आठळ्या काढा, कडू होईल. तुम्ही म्हणालात, “बोर सगळंच टाकतो. बी काढलेलं बोर मंजे दात पडलेली सासू.” पीप भरलं, झाकण ठोकलं, भोवती कणकेचा लेप दिला. तुम्ही पिपावर थाप मारून म्हणालात, “तुळशीचं लगन झालं की काढू. तोवर हात लावला त त्याचा हात झडन.”

मग पावसाळा गेला, तुमचा खोकला मात्र गेला नाही. दसऱ्यानंतर सुमनची चिठ्ठी आली आणि मी निघाले. तुम्ही बाजेवर होतात, एवढ्याशा. आवाज बसलेला. माझ्या मनात काय आलं ते तुम्हाला कळलं असेलच. मी कानाशी वाकून म्हटलं, “थोडी काढू का? घोटभर?”

तुम्ही मान हलवलीत. “कच्ची नका काढू. तुळशीचं लगन व्हाचं हाये अजून.” दम घेतलात आणि म्हणालात, “मंग मले तुमाले एक म्हनाचं हाये.”

“आत्ताच म्हणा ना.”

“आता नाही. पैज हाये.” आणि हसलात. त्या आजारपणात मी पाहिलेलं तुमचं तेवढं एकच हसू. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. आणि मी त्या ‘एका म्हणायच्या’ गोष्टीचा विचार करत राहिले. सुमनला नीट सांभाळा, असं म्हणायचं असेल का? मी काही चुकले का? तेरवीच्या जेवणातही डोक्यात तेच, की बाई काय म्हणणार होती.

आता काल. गावातली तुळशीची लग्नं परवा झाली, यंदा आपलं वृंदावन तेवढं उगी राहिलं. जावईबापूंनी लेप फोडला. मी अगदी पिपाला चिकटून उभी होते, उत्सुकतेनं, खोटं कशाला सांगू. झाकण काढलं. या खेपेला फुस्स नाही. नुसता एक लांब सुस्कारा, आणि मग वास! विहीणबाई, काय वास तो! छतावर वाळत घातलेल्या बोरांचा, नव्या चौकटीला रंधा मारताना उडतो तसा लाकडाचा, आणि खाली कुठंतरी आटवलेल्या दुधाचा. पेल्यात ओतली तर रंग जुन्या मधासारखा, तळ दिसेल इतकी नितळ. फेस थोडाच, पण बसेना.

पहिला घोट घेतला आणि माझं तोंडच मिटलं. आंबट! चिंचोक्यासकट चिंच चावल्यासारखं. मला वाटलं, गेलं, वर्ष वाया गेलं, बाईनं उगाच वाट पाहायला लावली. जावईबापू म्हणाले, “थांबा, आई, गिळून पाहा.” गिळलं, थांबले. आणि मग ती जिभेवर उलगडायला लागली हो! आंबटपणा मागं सरला आणि बोर पुढं आलं, पिकून सुरकुतलेलं, झाडावरच थोडं वाळलेलं बोर. गोड कुठंच नाही, तरी गोड काहीतरी आत्ताच इथून उठून गेलंय असं वाटत होतं. मग घशाशी ती सुपारी आवळली आणि तोंड स्वच्छ झालं, आणि लगेच दुसरा घोट हवासा वाटला. कडूपणाचा मागमूस नाही. आठळ्यांचं तुमचं खरं होतं, ते भांडण तुम्ही जिंकलात, घ्या. मी खोलीभर फिरत होते पेला घेऊन. सुमन म्हणाली, “आई, बस ना.” कशी बसू? गेल्या वर्षीची काल जन्मलेली वासरी होती, ही शिंगं फुटलेली कालवड!

तेव्हा सुमन आत गेली आणि कोठीमागून एक चिनीमातीची बरणी घेऊन आली.

“ही काय?”

“ही तीच आहे. पीप भरायच्या दिवशी तू दुपारी झोपली होतीस तेव्हा आत्याबाईंनी बोरांसकट काढून ठेवली. म्हणाल्या, ‘पीप उघडसान त्या दिशी काढजो. तुह्या मायले आधी सांगजो नको.’ फक्त लाकूड लागलेलं नाही हिला.”

मी बरणीतली चाखली. तीच जवारी, तीच बोरं, तेच वर्ष. आणि नुसता लोणच्याचा खार, विहीणबाई! पातळ, टोकदार, जिभेवर आली तशी निघून गेली. ना सुपारी, ना सायीचा वास. पुन्हा पिपातली घेतली, पुन्हा बरणीतली. जावईबापूंनीही चाखली आणि हळूच म्हणाले, “लाकडाचंच हाये, आई. तुमी जिंकल्या.”

मी जिंकले! मी टाळी वाजवली हो, खरोखर वाजवली, आणि “बघा!” म्हणून मागं वळले. मागं तुमची बाज उभी करून ठेवली होती भिंतीला.

हरायची एवढी व्यवस्था कुणी स्वतः करून ठेवतं का? बरणी भरली नसती तर आपण जन्मभर भांडलो असतो आणि कुणीच हरलं नसतं. तुम्हाला खरं काय ते हवं होतं. मग सुमननं उरलेलं सांगितलं. श्रावणात तुम्ही बरणीचं फडकं सोडून चमचाभर चाखलं होतंत. तोंड वाकडं केलंत आणि म्हणालात, “गेली बाजी.” आणि त्या दिवशी दिवसभर, सुमन म्हणते, तुम्ही हसत होतात. तिला कळेना, सासूबाई हरल्यात कशात आणि खूश कशाला आहेत.

मला कळलं. बाजेवर तुम्हाला जे म्हणायचं होतं ते मला काल कळलं. निरोप नव्हता, तक्रार नव्हती. ‘अवं यमुने’ एवढंच होतं. तुम्हाला ते रीतीनं म्हणायचं होतं, पीप उघडून, हरून. आणि मी वेडी वाकून ‘आत्ताच म्हणा’ म्हणत होते. बाई, एकदा पैज मोडली असतीत तर काय बिघडलं असतं? पण मग त्या तुम्ही नसतात. कच्चं काही काढायचंच नाही.

आता माझा पेच बघा. मी जिंकले आहे. हरणाऱ्यानं आधी नाव घ्यायचं, आणि हरणारी गेली. म्हणजे मी जिंकलेली राहिले तर आपण दोघी कायमच्या ‘अहो विहीणबाई’. असलं जिंकणं मला नको. रात्रभर नाही, अगदी काल दुपारीच ठरवलं, पेल्यात शेवटचा घोट होता तेव्हा. तो प्यायले, रिकाम्या पेल्यात नाक घातलं. लाकडाचा वास उडून गेला होता, सायीचाही. तळाशी जो उरला होता तो बोराचा. थोडासाच होता. पण मला पुरेसा आहे. जावईबापू म्हणतील, आई शब्द फिरवतात. सुमन म्हणेल, बरणी विसरलीस का? तुम्हालाही ठाऊक आहे मी सोयीचं बोलते आहे. असू दे ठाऊक.

मी हरले. दोन माणसांदेखत, भर दुपारी, तुमच्याच मळ्यात हरले. पीप अर्ध्याच्या वर भरलेलं आहे, यंदा पुन्हा बोरं लागलीत, गाळ मी गाडग्यात काढून ठेवला आहे. आणि हरलेल्या माणसाला कुणी आगाऊ म्हणत नाही, तेव्हा आता मला कुणाची भीती नाही.

अगं गिरजे, बोराचंच होतं गं सगळं.